खाली कोणी नाही

१

रोज दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी आई हात पुसायची, ओट्याखालच्या कपाटाचं दार उघडायची आणि आतल्या जुन्या लोखंडी पाइपावर पळीने तीन ठोके मारायची. रोज म्हणजे रोज. अंगात ताप असो, पाहुणे बसलेले असोत, दूध उतू जाऊन शेगडी विझायला आलेली असो. तीन ठोके मारून झाले की पळी तशीच धरून मिनिटभर उभी राहायची, आणि त्या मिनिटात घरात कोणी हूं की चूं करायचं नाही.

हे एक मिनिट भिंगरीच्या जिवावर यायचं.

भिंगरी म्हणजे या घरातली मुलगी, वय वर्षं चौदा. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं आणि तिथेच राहायचं. एका जागी बूड टेकत नाही म्हणून सगळं जग तिला भिंगरीच म्हणायचं. मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावून झाला होता. शाळेची घंटा स्वतःच्या मोज्यात गुंडाळून मुकी करून झाली होती. त्या दिवशी गणिताचा तास दीड तास चालला आणि भिंगरीच्या मोज्याला टाचेपाशी भोक पडलं. अशा पोरीला मिनिटभर गप्प उभं करणं म्हणजे मांजराला पाण्यात बसवण्यासारखं.

पण त्या मिनिटाला कारण होतं. सोळा वर्षांपूर्वी बरोबर बारा वीसला जमीन हलली होती. शहरात त्याला नुसतं 'तो दिवस' म्हणतात, पुढे काही जोडावं लागत नाही. पाऊण मिनिटात अर्धं शहर गुडघ्यावर आलं. अजून इथे कोणी दुसरा मजला चढवत नाही. पलंगाच्या वर कोणी फळी ठोकत नाही. आणि एकाही दाराला आतून कडी नाही, संडासालासुद्धा नाही. आत जाणाऱ्याने गाणं म्हणायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. भिंगरी मुद्दाम शाळेची प्रार्थना म्हणायची, म्हणजे बाहेरच्याला सवयीने हात जोडून उभं राहावं लागायचं.

तेव्हा या जागी चार मजल्यांची इमारत होती. आई औषध आणायला खाली गेली होती. दादा वर तापाने झोपला होता.

बाबा पाणीखात्यात. रस्त्याखाली गळती कुठे आहे ते शोधणं हे त्यांचं काम. लांब सळईचं एक टोक जमिनीला, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. लोक त्यांना कानवालेच म्हणतात. त्या दिवसांत असल्या कानांना फार किंमत आली. पद्धत साधी. ढिगाऱ्यावर वरून तीन ठोके मारायचे, सगळ्यांनी गप्प व्हायचं, आणि खालच्यांनी जितके जिवंत तितके ठोके द्यायचे. इथल्या शाळांत हे आधीपासून शिकवत होते, अजून शिकवतात.

बाबांनी आपल्याच घराच्या ढिगाऱ्यावर तीनदा सळई टेकवली. तिन्ही वेळा म्हणाले, "खाली कोणी नाही." मग तिथे यंत्रं लागली. दादा सापडला तो ओट्याखालच्या कपाटात.

आई म्हणते, तिने ठोका ऐकला होता. बाबा म्हणतात, नव्हता. या दोन वाक्यांवर घर उभं आहे. तसं दिसायला ते त्याच जागेवरचं दोन खोल्यांचं बैठं घर आहे, पत्र्याचं छप्पर, नवा ओटा, नवं कपाट. जुना पाइप मात्र जमिनीतून वर आलेला तसाच राहिला. त्यात पाणी नाही, तोंडाला लोखंडी टोपी बसवलेली. तो काढायचा तर आधी आईला काढावं लागलं असतं.

२

आता दादाबद्दल. दादा नऊ वर्षांचा.

म्हणजे बघा, भिंगरी चौदाची आणि दादा नऊचा, आणि तरी त्याला दादाच म्हणायचं. भिंतीवरच्या फोटोत पुढचा एक दात पडलेला, हसताना तिथे काळी खिडकी दिसायची. हा फोटो मावशीकडे होता म्हणून वाचला. एक सदरा वाचला, कारण त्या दिवशी तो शिंप्याकडे बटणं लावायला होता. आई तो महिन्यातून एकदा धुवायची, इस्त्री करायची, परत ठेवायची. भिंगरीचा शाळेचा गणवेश भिंगरीनेच धुवायचा, आणि इस्त्री म्हणजे रात्रभर उशीखाली ठेवायचा.

दादा कधी नापास झाला नाही. कसा होणार, चौथीतच होता. दादाने कधी उलट उत्तर दिलं नाही. दादाने कधी कुणाच्या खुर्चीला डिंक लावला नाही. निदान आईला तरी तसं आठवायचं. खिळ्याला एक निळा कप टांगलेला होता. तो आईने नंतर बाजारातून आणला, दादासाठी. दादा त्यातून कधी प्यायला नव्हता आणि भिंगरीला प्यायची परवानगी नव्हती.

"मग पितं कोण त्यातून?" भिंगरीने एकदा विचारलं.

"तोंड आवर," आई म्हणाली.

"मी नुसतं विचारलं."

"तू नुसतं कधीच काही करत नाहीस."

भिंगरी हसली, पण आत कुठेतरी चटका बसला. मेलेल्या पोराशी भांडता येत नाही, हीच तर अडचण. जिवंत असता तर त्याचे केस ओढता आले असते, त्याच्या दप्तरात बेडूक सोडता आला असता. पण हा फोटोत बसून हसत होता आणि आईची सगळी माया घरबसल्या गिळत होता.

एक दिवस ती शाळेतून धावतच आली. तिची शाळा सकाळची, बाराला सुटायची. दोनशे मीटरच्या शर्यतीत ती पहिली आली होती, गळ्यात पदक, घामाने केस कपाळाला चिकटलेले. दारातूनच ओरडली, "आई, बघ मी..."

आईने मागे न बघता पळीचा हात वर केला. गप्प.

बारा वीस झाले होते.

भिंगरी उभी राहिली. मिनिट गेलं. पाइप अर्थातच काही बोलला नाही. आईने कपाटाचं दार लावलं, पळी धुतली आणि म्हणाली, "पायपुसण्यावर पाय पूस."

पदकाचं विचारायचं राहून गेलं. भिंगरीनेही सांगितलं नाही. तिने ते उशीखाली ठेवलं, गणवेशाच्या शेजारी.

३

दुसऱ्या दिवशी बारा एकोणीसला भिंगरी प्रार्थना म्हणत न्हाणीत शिरली.

न्हाणी आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. तो जुना पाइप भिंतीतून जायचा आणि न्हाणीत घोट्याइतक्या उंचीवर हातभर उघडा दिसायचा. भिंगरीने बाबांचा दाढीचा ब्रश घेतला, उलटा धरला आणि उकिडवी बसली.

पलीकडून आले तीन ठोके.

भिंगरीने ब्रशच्या दांड्याने एक दिला. जितके जिवंत, तितके.

तिला वाटलं होतं, आई किंचाळेल. मग आपण हसत बाहेर जाऊ, दोन धपाटे खाऊ, पण निदान ते आपल्या वाट्याचे असतील. पलीकडे काहीच झालं नाही. नुसती पळी फरशीवर पडल्याचा आवाज आला. भिंगरीने दाराच्या फटीतून पाहिलं. आई कपाटासमोर खाली बसली होती, एक तळवा पाइपावर ठेवून, आजाऱ्याचं कपाळ बघतात तसा. बऱ्याच वेळाने ती अगदी हळू म्हणाली, "आहेस ना रे."

बाहेर जाऊन हसायचं भिंगरीला जमलं नाही.

पण संध्याकाळी आई हसली. बाबा आत आले, सळई कोपऱ्यात उभी केली, बूट काढले आणि दारातच थबकले, कारण स्वयंपाकघरातून गुणगुण ऐकू येत होती.

"काय झालं आज?" त्यांनी भिंगरीला विचारलं.

"मला काय माहीत. लॉटरी लागली असेल."

जेवणं झाल्यावर आईने हाक मारली, "भिंगरे, ये, वेणी घालते." आईने भिंगरीच्या केसांत शेवटचा कधी हात घातला होता ते भिंगरीला आठवावं लागलं, आणि आठवलं नाही. ती गुपचूप जाऊन पुढ्यात बसली. आईची बोटं गार होती आणि मऊ होती.

एका ठोक्यात एवढं मिळतं तर.

म्हणून तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. तिसऱ्या दिवशीही. अकरा दिवस दिला. रोज वेणी, रोज गुणगुण. पण सहाव्या-सातव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, आईची बोटं तिच्या केसांत असतात आणि जीव कपाटात. वेणी घालता घालता आई मधेच थांबायची, कान द्यायची. एकदा म्हणाली, "त्याचे केस पण असेच होते, राठ."

खोड्या भिंगरीने काढायच्या, घाम भिंगरीचा, आणि लाड त्याचे.

४

बाराव्या दिवशी मास्तरांना डिंकाचा छडा लागला. भिंगरीला शाळा सुटल्यावर बाकावर उभं केलं. ती घरी पोचली तेव्हा एक वाजला होता. वाटेत तिने ठरवूनच टाकलं होतं, आज घरात सुतक असणार.

आई ओटा पुसत गुणगुणत होती.

"आज तर लगेच दिला," आई म्हणाली. "तीन पुरे व्हायच्या आधीच."

"काय?"

"काही नाही. जेवायला बस."

भिंगरीने घास घेतला आणि तो तोंडातच फिरवत बसली. आईला भास झाला असेल. रोज अकरा दिवस ऐकलं की बाराव्या दिवशी कान आपले आपणच वाजतात. किंवा पलीकडच्या शिंप्याने काहीतरी आपटलं असेल. जुन्या इमारतीचा पाइप, जमिनीखालून कुठवर गेलाय कोणाला माहीत.

तेराव्या दिवशी ती न्हाणीत गेलीच नाही. स्वयंपाकघरात आईच्या शेजारी उभी राहिली, दोन्ही हात ओट्यावर ठेवून, स्वतःलाच दिसतील असे.

आईने तिच्याकडे पाहिलं. "आज काय विशेष?"

"असंच."

तीन ठोके. पळी वर. मिनिट सुरू झालं. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता, पडत नव्हता.

टक.

भिंगरीचा ठोका ब्रशच्या दांड्याचा असायचा, बद्द. हा तसा नव्हता. हा धातूचा होता. बारीक, जपून दिलेला. हात दुखत असताना, पुढच्या वेळेसाठी ताकद राखून देतात तसा.

"ऐकलंस?" आई म्हणाली. तिचा चेहरा एवढा उजळला होता की भिंगरीला बघवेना.

"हो," भिंगरी म्हणाली.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही, मानेवर, थंड. पण तिच्यावर दुसरंच काहीतरी चढून बसलं. आईने तिच्याकडे असं कधी बघितलंच नव्हतं. पदक घालून आली तेव्हा नाही, काविळीतून उठली तेव्हा नाही. याने एक ठोका दिला, एक, तोही जमिनीखालून, आणि झालं.

आई दुकानात गेल्यावर भिंगरी न्हाणीत जाऊन बसली आणि पाइपावर स्वतः तीन ठोके मारले, जोरात, भांडायला बोलावतात तसे.

टक.

मग थोड्या वेळाने, आणखी एक. टक.

दोन. तिने बोटं मोजली. प्रतिध्वनी असेल, तिने स्वतःला समजावलं. रिकामा पाइप, आवाज खाली जाऊन परत येतो. शास्त्रात असतं तसं काहीतरी, ज्या तासाला ती खिडकीबाहेर बघत असते त्या तासाला.

पण आपले तीन ठोके मग परत का आले नाहीत, हे काही तिला समजावता आलं नाही.

५

तिने ठरवलं, पाइपाची टोपी काढायची आणि आत चिंध्या कोंबून त्याचं तोंड कायमचं बंद करायचं. त्यासाठी पाना पाहिजे. गुरुवारी बाबांची सुट्टी. ते अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. भिंगरीने त्यांची कामाची पिशवी उघडली. पाने होते, तागाचा दोरा होता, आणि अगदी तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक चमचा.

साधा घरातला चमचा. दांडा वाकलेला. तोंडाची कड एका बाजूने चपटी झालेली, घासून घासून होते तशी नाही, मारून मारून होते तशी. खाचेत पांढरा चुना बसलेला.

"ठेव तो."

बाबा दारात उभे होते. रागावलेले नव्हते. म्हणूनच भिंगरीला जास्त धडकी भरली.

"कुणाचाय?"

बाबा आत आले. मग बाजूला बसले, चमचा तिच्या हातातून घेतला. "हातात होता त्याच्या."

"म्हणजे तो वाजवत होता."

"तीनदा सळई लावली मी. तीनदा. काही नव्हतं."

"बाबा, कड बघा ना चमच्याची."

"मला कड दाखवू नकोस. सोळा वर्षं बघतोय." त्यांनी फडकं नीट घडी केलं. "पलीकडच्या इमारतीतून चार ठोके आले होते. चार. सगळे ओरडत होते, कानवाले इकडे या, इकडे या. तिसऱ्या वेळी मी सळई लावली आणि... माझं लक्ष त्या चारांकडे होतं. आता एक असेल तर तो केवढासा. मी म्हणालो, खाली कोणी नाही."

"आईला सांगितलंत?"

"तिला सांगितलंय की तो लगेच गेला. झोपेतच. आणि तू तोंड उघडलंस ना, तर घर राहायचं नाही हे."

भिंगरी मान हलवून हो म्हणाली. बाबांची दया यायला हवी होती, आणि आलीही. पण दयेच्या खाली तोच जुना चटका. सोळा वर्षं बाबा कामावर जाताना त्याचा चमचा घेऊन जात होते. तिचं काय होतं त्या पिशवीत? काही नव्हतं. तिचं पदक तर बाबांनाही माहीत नव्हतं.

६

शुक्रवारी भिंगरी शाळेला निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि गल्लीच्या मागच्या बाजूने परत आली. शुक्रवारी बाबा नुसती सळई घेऊन जवळपासची गळती बघायचे आणि पिशवी घरीच ठेवायचे. आई बाजारात गेली की बारापर्यंत येत नाही, हेही ठरलेलं. मधल्या सुट्टीपर्यंत ती शिंप्याच्या मागच्या कट्ट्यावर बसून राहिली, आई बाहेर पडलेली दिसली तशी घरात शिरली. बूट दारात काढले. पाना घेतला. चमचापण घेतला, का घेतला ते तिला सांगता आलं नसतं. त्याची वस्तू त्याच्या थोबाडावर फेकायची होती म्हणा.

कपाटात डबे होते, ते बाहेर काढले. आत शिरून पाय पोटाशी घेतले. लहान होती तेव्हा लपाछपीत इथे आली होती, तेव्हा आईने ओढून बाहेर काढून अशी मारली होती की तिने पुन्हा कधी इथे लपायचं नाव काढलं नाही. दार अर्धवट लोटलं गेलं. फोडणीचा जुना वास, ओलसर लाकूड.

पाना लावला. वाटलं होतं टोपी गंजून बसली असेल. पण ती हलकेच फिरली, कुणीतरी रोज उघडबंद करत असावं तशी, आणि हातात आली.

पाइपातून गार वारा आला. त्याला चुन्याचा वास होता.

भिंगरीने तोंड जवळ नेलं. "ऐक," ती म्हणाली. "मी चौदा वर्षांची आहे. तू नऊचा. मी मोठी आहे तुझ्यापेक्षा, कळलं? हे घर माझं आहे. आई माझी आहे. तू बस तिथे खाली."

पाइपात काही हललं नाही. पण वारा थांबला. कुणीतरी पलीकडून तोंड लावलं की थांबतो तसा.

मग खिळ्यावरचा निळा कप किणकिणला.

असे छोटे हादरे या शहरात वर्षातून चार-पाच येतात. लोक चहाच्या पेल्याकडे बघतात, पेला थांबला की पुढचं वाक्य बोलतात. भिंगरीही थांबायची वाट बघत बसली. पण फरशीखाली काहीतरी कुशीवर वळलं, डोक्यावरचा ओटा कण्हला, एक जोरात धक्का, कप पडून फुटल्याचा आवाज, आणि कपाटाचं दार चौकटीत घट्ट जाऊन बसलं.

काळोख. वरून भुरभुर चुना तिच्या डोळ्यांत, नाकात, तोंडात.

मग सगळं शांत. तिने दाराला ढकललं. हललं नाही. ओरडायला तोंड उघडलं तर नुसता खोकल्यासारखा आवाज निघाला, घसा पिठाने भरल्यासारखा. घाबरू नकोस, ती स्वतःला म्हणाली. छप्पर पत्र्याचं आहे. बाबा येतील. हादरा आला की प्रत्येकाने आधी आपल्या घरी जायचं, हाही इथला नियमच.

आणि आले. अंगणात पावलं, मग आईचा आवाज. "अहो, बूट आहेत तिचे दारात. शाळेत नाही ती, घरातच आहे."

"हाक मार."

"भिंगरे!" आईने हाक मारली. "भिंगरे, कुठे आहेस गं? बाळा!"

काळोखात, तोंडात चुना असताना, भिंगरीला हसू फुटलं. आई तिला हाक मारत होती. तिला. त्या आवाजात सगळं होतं, ज्याची तिने चौदा वर्षं वाट बघितली होती आणि जे नेहमी फोटोकडे जायचं. फोटोला आज कोणी विचारलं नव्हतं. जिंकले, तिला वाटलं.

"गप्प," बाबा म्हणाले. "ऐकू दे."

बाहेर काढलेले डबे पाहून असेल, कपाटाच्या दारावर तीन ठोके पडले.

तिने चमच्याने एक दिला. टक.

आणि तिच्या शेजारी, त्याच कपाटात, जिथे तिचे गुडघे सोडून दुसऱ्या कशाला जागा नव्हती, तिथे कोणीतरी दुसरा दिला.

७

"दोन," बाबा बाहेर म्हणाले. त्यांचा आवाज विचित्र झाला होता. "दोन ठोके आहेत."

"दोन कसे असतील? दार ओढा आधी."

दोघांनी मिळून ओढलं. लाकूड करकरलं आणि दार वीतभर उघडलं. उजेडाची एक पट्टी आत आली, आणि तिच्यातून आईचा हात. बांगडी चढलेली, बोटं पसरलेली, हवेत चाचपडणारी.

भिंगरीने हात पुढे केला.

तिच्या खांद्यावरून दुसरा हात पुढे गेला. लहान. चुन्याने पांढरा, नखं तुटलेली. त्याने आईची बोटं धरली, आणि आईने मूठ मिटली.

"सापडली," आई म्हणाली आणि ओढलं.

भिंगरीच्या अंगावरून काहीतरी थंड आणि हलकं सरपटत गेलं. उजेडाच्या पट्टीत तिला फक्त टाच दिसली. मोज्यातली टाच, मोज्याला भोक. तिने स्वतःचा पाय चाचपला. अनवाणी.

"आई," बाहेर कोणीतरी म्हणालं. "किती उशीर केलास." शब्दांतून वारा सुटत होता, पुढचा दात पडला की सुटतो तसा.

"हो गं माझी राणी. हो गं माझी भिंगरी." आई रडत होती आणि हसत होती. "आवाज बघा कसा बसलाय पोरीचा. चुना गेलाय घशात. ये, इकडे ये, केस बघ कसे झालेत."

भिंगरीने दारावर मूठ मारली. मूठ कापसावर पडावी तशी पडली. दार आपल्याच वजनाने हळूहळू मिटत चाललं होतं. पट्टी बोटभर झाली, मग दोरीएवढी, मग गेली.

"थांब," बाहेर बाबा म्हणाले. "दोन होते. मी दोन ऐकले."

"तुम्हाला नीट ऐकू आलंय कधी?" आई म्हणाली.

थोड्या वेळाने दाराला काहीतरी टेकल्याचा बारीक आवाज आला. सळई. तिचं टोक लाकडाच्या पलीकडे होतं, भिंगरीच्या तोंडापासून बोटभरसुद्धा लांब नसेल. सळईतून बाबांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी डोळे मिटलेत, हे तिला न बघता कळलं.

तीन ठोके.

पलीकडे आई कुणाचा तरी गुंता सोडवत होती आणि गुणगुणत होती.

भिंगरीने चमचा उचलला. जितके जिवंत, तितके. तिने सगळी ताकद लावून एक ठोका दिला.

बाबा बराच वेळ ऐकत राहिले. मग सळई काढून घेतल्याचा आवाज आला.

"खाली कोणी नाही," ते म्हणाले.